एकशे त्र्याऐंशी अंश कोणी मोजले?

सबमिशनचा आठवडा आला की हॉस्टेलमध्ये एक वस्तू मेसच्या ताटापेक्षा जास्त फिरते. ती म्हणजे मागच्या वर्षीच्या टॉपरचं जर्नल! संध्याकाळी ए विंगमधून निघालेलं हे जर्नल पहाटेपर्यंत सी विंगच्या तिसऱ्या मजल्यावर पोचतं. वाटेत त्यातला प्रत्येक आकडा, प्रत्येक आलेख आणि मूळ मालकाच्या शुद्धलेखनाच्या चुकासुद्धा इमानेइतबारे चाळीस जर्नलांमध्ये उतरतात.

यात नवीन काहीच नाही. पण मला त्यातल्या एकाच प्रयोगाबद्दल बोलायचं आहे. 'शिसं-कथील मिश्रधातूचा कूलिंग कर्व्ह काढणे.' चाळीसच्या चाळीस जर्नलांत तापमान खाली येत येत बरोब्बर १८३ अंश सेल्सिअसला थांबतं, पट्टीनं आखल्यासारखं सपाट राहतं आणि मग पुन्हा उतरू लागतं. खाली रिझल्ट: युटेक्टिक तापमान १८३ अंश. एरर: शून्य टक्के.

शून्य टक्के! लॅबमधला थर्मोकपल आपल्या अॅडमिशनच्या आधीपासून तिथे आहे, त्याच्या मीटरला टिचकी मारल्याशिवाय काटा हलत नाही, आणि मुशीतल्या मिश्रणात कुठल्या बॅचनं काय टाकलं ते लॅबमधल्या मामांनासुद्धा आठवत नाही. तरी एरर शून्य. जगातल्या कुठल्याही नामांकित प्रयोगशाळेला हेवा वाटावा अशी ही अचूकता आहे.

घाबरू नका, 'कॉपी करणं वाईट' असा उपदेश मी करणार नाही. ते काम शाळेत झालं. माझा मुद्दा वेगळा आहे. आज बी.ई.च्या प्रोजेक्टमध्ये आपण जे रंगीत फेज डायग्राम चिकटवतो, ते देणारं सॉफ्टवेअर कोणीतरी, कुठेतरी, खरोखर घेतलेल्या रीडिंगांवर उभं आहे. रीडिंग घेणं ज्याला कमी दर्जाचं काम वाटतं, त्याला त्या सॉफ्टवेअरच्या उत्तरावर किती विश्वास ठेवायचा हे कधीच कळणार नाही. आणि आपल्या अभ्यासक्रमात नेमकं हेच शिकवायचं राहून जातं.

सॉफ्टवेअर नक्की करतं काय?

बऱ्याच जणांची समजूत अशी असते की फेज डायग्राम कुठेतरी साठवलेले असतात आणि बटण दाबलं की सॉफ्टवेअर ते काढून दाखवतं. तसं नाही. त्यात साठवलेली असते ती गिब्ज ऊर्जा. दुसऱ्या वर्षाला थर्मोमध्ये घोकलेलं जी बरोबर एच वजा टी एस आठवतंय? तीच ती. ठरावीक तापमान आणि दाबाला पदार्थ ज्या रूपात ही ऊर्जा सगळ्यात कमी असेल ते रूप घेतो. द्रवाची कमी असेल तर द्रव, घनाची कमी असेल तर घन, आणि दोन्हींचं मिश्रण करून एकूण बेरीज आणखी कमी होत असेल तर मिश्रण. फेज डायग्राम म्हणजे या ऊर्जेच्या वक्रांची पडलेली सावली, एवढंच!

हे तत्त्व अमेरिकेच्या येल विद्यापीठातल्या विलार्ड गिब्ज यांनी १८७६ ते १८७८ या काळात मांडलं. १९०८ साली डच शास्त्रज्ञ व्हॅन लार यांनी ते वापरून दोन घटकांचे नमुनेदार फेज डायग्राम हातानं गणित करून काढले. संगणक सोडा, कॅल्क्युलेटरसुद्धा नव्हता. पुढे लॅरी कॉफमन आणि हॅरॉल्ड बर्नस्टाइन यांचं संगणकावर फेज डायग्राम काढण्याविषयीचं पुस्तक १९७० मध्ये आलं, १९७७ मध्ये 'कॅलफॅड' नावाचं स्वतंत्र नियतकालिक सुरू झालं आणि स्टॉकहोमच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत 'थर्मो-कॅल्क' तयार झालं. आज या सगळ्या पद्धतीलाच कॅलफॅड म्हणतात.

या इमारतीचा पाया मात्र मिश्रधातूंचा नाही, शुद्ध मूलद्रव्यांचा आहे. पितळेचं गणित करायचं तर आधी तांब्याची आणि जस्ताची गिब्ज ऊर्जा प्रत्येक तापमानाला माहीत हवी. इथे पहिली अडचण येते. ऊर्जेचा शून्य कुठला धरायचा? कळसूबाईची उंची १६४६ मीटर असं आपण म्हणतो ती समुद्रसपाटीपासून. ही समुद्रसपाटी सगळ्यांनी एकच मानली म्हणून उंच्यांची तुलना करता येते. तशीच इथे एक सपाटी ठरवली आहे. प्रत्येक मूलद्रव्याचं २९८.१५ केल्विन आणि १ बार दाबाला जे स्थिर रूप असेल, त्याची एन्थाल्पी शून्य धरायची. तिथून वर विशिष्ट उष्मा मोजत जायचा, वितळताना किंवा रचना बदलताना लागणारी उष्णता मोजायची, आणि ते सगळं एका सूत्रात बसवायचं. सूत्रही फार भयंकर नसतं. एक स्थिरांक, एक टी-चं पद, एक टी गुणिले लॉग टी-चं पद आणि पुढे टी-चे काही घात.

१९९१ साली ब्रिटनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीतले अॅलन डिन्सडेल यांनी अशी ७८ मूलद्रव्यांची सूत्रं एकत्र प्रसिद्ध केली. शंभराहून जास्त पानं, आणि त्यातली बहुतेक नुसत्या आकड्यांनी भरलेली. वाचायला टेलिफोन डिरेक्टरीइतकीच रंजक! पण जगातले बहुतेक डेटाबेस याच पानांवर उभे राहिले. आपल्या प्रोजेक्टमधला निळा-लाल आलेख उलगडत मागे गेलं की शेवटी कुठल्या तरी कॅलरीमीटरसमोर बसून काटा बघणारा माणूस सापडतो.

हातानं करून बघा

हे सगळं तोंडी लावण्यापुरतं राहू नये म्हणून एक गणित सांगतो. वीस मिनिटांचं काम आहे. साधा सायंटिफिक कॅल्क्युलेटर पुरतो.

कथील वितळतं ५०५.१ केल्विनला आणि वितळायला मोलमागे सुमारे ७,०३० जूल लागतात. शिसं वितळतं ६००.६ केल्विनला आणि त्याला लागतात सुमारे ४,७७० जूल. आता दोन गोष्टी गृहीत धरा. एक, द्रवात दोन्ही धातूंचे अणू एकमेकांशी अगदी निर्विकारपणे मिसळतात. दोन, घन अवस्थेत ते एकमेकांत अजिबात विरघळत नाहीत. मग दुसऱ्या वर्षाच्याच सूत्रानं प्रत्येक तापमानाला द्रवात किती कथील आणि किती शिसं मावेल ते काढता येतं. ज्या तापमानाला या दोन मोल-अंशांची बेरीज बरोबर १ होते, ते युटेक्टिक.

उत्तर येतं सुमारे ३५३ केल्विन. म्हणजे ८० अंश सेल्सिअस!

खरं उत्तर १८३. आपण चुकलो शंभर अंशांनी. प्रमाणही चुकलं. गणित सांगतं कथील वजनानं साधारण ३५ टक्के, प्रत्यक्षात असतं ६१.९ टक्के. आणि गंमत म्हणजे गणितात कुठेच चूक नाही. शुद्ध धातूंचे आकडेही बरोबर आहेत. तरी या हिशोबावर विसंबून कोणी सोल्डर बनवायला घेतलं, तर ८० अंशांना वितळणारं सोल्डर शोधता शोधता त्याचं आयुष्य निघून जाईल.

चूक आहे ती गृहीतकांत. शिसं आणि कथील एकमेकांबाबत निर्विकार नाहीत. त्यांना आपापल्या जातभाईंचा शेजार थोडा जास्त आवडतो. ही नावड मोजणारा एक आकडा द्रवाच्या सूत्रात घालावा लागतो. तो मोलमागे ६,८०० जूलच्या आसपास धरून तेच गणित पुन्हा करा. युटेक्टिक एका झटक्यात ८० वरून १८० अंशांजवळ येऊन बसतं. एका आकड्यानं शंभर अंश भरून निघाले.

आता लाखमोलाचा प्रश्न: हा ६,८०० आला कुठून? डोकं खाजवून तो येत नाही. सिलॅबसच्या कुठल्या सूत्रातूनही येत नाही. मी तो खऱ्या युटेक्टिकवरून उलटं गणित करून काढला. म्हणजे १८३ हा आकडा आधी कोणीतरी खरोखर मोजला होता म्हणूनच माझं गणित १८० पर्यंत पोचलं. डेटाबेस बनवणारेही मुळात हेच करतात. फक्त एका बिंदूवर अवलंबून न राहता वितळण्याची तापमानं, मिसळताना लागणारी उष्णता, बाष्पदाब अशी अनेक प्रकारची मोजमापं समोर ठेवून ते सगळ्यांशी जुळतील असे आकडे ठरवतात. दोन प्रयोगशाळांची रीडिंग एकमेकांशी भांडत असतील तर कोणाचं किती ऐकायचं हेही तेच ठरवतात. या कामाला 'असेसमेंट' म्हणतात आणि त्यात महिनेच्या महिने जातात.

नसलेल्या धातूंचे आकडे

आता दुसऱ्या गृहीतकाकडे येऊ. शिसं आणि कथील घन अवस्थेत विरघळत नाहीत, हेही खरं नाही. १८३ अंशांना घन शिशामध्ये वजनानं १९ टक्क्यांच्या आसपास कथील मावतं. शिशाची रचना एफ.सी.सी., कथिलाची मात्र वेगळी, बी.सी.टी. म्हणजे शिशात शिरलेलं कथील नाइलाजानं एफ.सी.सी. होऊन राहतं. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला घरमालकाच्या वेळा पाळाव्या लागतात तसं!

मग हिशोबासाठी शुद्ध एफ.सी.सी. कथिलाची गिब्ज ऊर्जा हवी. पण असं कथील कॅलरीमीटरमध्ये ठेवायला मिळतच नाही. जे नाही त्याची ऊर्जा कशी मोजणार? इथे कॉफमन यांचं मोठेपण दिसतं. त्यांनी आग्रह धरला की प्रत्येक मूलद्रव्याच्या प्रत्येक शक्य रचनेला, ती प्रत्यक्षात आढळो वा न आढळो, ऊर्जेचा एक ठरावीक आकडा द्यायचा, आणि सगळ्या मिश्रधातूंच्या हिशोबांत सगळ्यांनी तोच वापरायचा. याला म्हणतात 'लॅटिस स्टॅबिलिटी'. प्रत्येकानं आपापल्या सोयीचा आकडा घेतला असता तर एकाचा शिसं-कथील आणि दुसऱ्याचा कथील-चांदी एकत्र जोडताच आला नसता.

पण हे आकडे मोजलेले नाहीत, आसपासच्या मोजमापांवरून अंदाजानं आलेले आहेत, हे विसरून चालणार नाही. टंगस्टनचं उदाहरण घ्या. त्याची खरी रचना बी.सी.सी. एफ.सी.सी. टंगस्टनसाठी १९९१ च्या संग्रहात मोलमागे सुमारे १९ हजार जूलचा फरक धरलेला आहे. पुढे क्वांटम मेकॅनिक्सनं थेट गणित करणाऱ्यांना हाच फरक त्याच्या दुपटीहून जास्त मिळाला. कारणही सापडलं. एफ.सी.सी. टंगस्टन मुळात तगच धरत नाही, त्याची जाळी जराशा धक्क्यानं ढासळते. मग 'त्याची ऊर्जा' या शब्दांना अर्थ तरी काय द्यायचा, यावर या क्षेत्रात बराच खल झालेला आहे. सॉफ्टवेअरच्या आलेखावर मात्र यातलं काहीही दिसत नाही. तिथे मोजलेली रेघ आणि अंदाजाची रेघ सारख्याच जाडीची असते.

तापमानाचंही तसंच. मिश्रधातूच्या गणितात शुद्ध घटकाचा द्रव त्याच्या वितळणबिंदूच्या खूप खाली आणि घन खूप वर लागतो. तिथे मोजमाप नसतं, सूत्र तसंच पुढे ताणावं लागतं. नुसतं ताणलं तर भलतंच होतं. वितळलेला धातू आणखी तापवत नेला तर काही हजार अंशांवर तो परत घट्ट होईल, असंही सूत्र सांगू शकतं! हे टाळायला १९९१ च्या संग्रहात एक युक्ती केली. वितळणबिंदूच्या खाली द्रवाच्या सूत्रात टी-चा सातवा घात आणि वर घनाच्या सूत्रात टी-चा उणे नववा घात घातला, म्हणजे दोघांचे विशिष्ट उष्मे हळूहळू एकमेकांजवळ येतात. काम भागलं, पण त्यामुळे घनाच्या विशिष्ट उष्म्याच्या आलेखाला वितळणबिंदूवर एक कोपरा पडतो. निसर्गात असा कोपरा असायचं काही कारण नाही, तो आपण पाडलेला आहे. शिवाय बहुतेक सूत्रं २९८.१५ केल्विनच्या खाली वापरायचीच नसतात. १९९५ मध्ये जर्मनीतल्या रिंगबर्ग इथे झालेल्या कार्यशाळेपासून ही उणीव भरून काढायचं काम सुरू झालं आणि आता शून्य केल्विनपासून चालणारी, आइन्स्टाइनच्या विशिष्ट उष्म्याच्या कल्पनेवर आधारलेली नवी सूत्रं एकेका मूलद्रव्यासाठी तयार होत आहेत.

शंभर जुलांची किंमत

कोणी म्हणेल, 'अरे, रीडिंगमध्ये थोडं इकडेतिकडे झालं तर काय आकाश कोसळणार आहे?' त्यांच्यासाठी लोखंडाची गोष्ट.

लोखंड ९१२ अंशांपर्यंत बी.सी.सी. असतं, मग एफ.सी.सी. होतं आणि १३९४ अंशांना पुन्हा बी.सी.सी. होतं. १५३८ ला वितळतं. मधला एफ.सी.सी. म्हणजे गामा. आपल्या पोलाद तापवून पाण्यात बुडवण्याच्या विद्येचा आधार हाच. या मधल्या जवळपास ५०० अंशांच्या पट्ट्यात गामा आणि बी.सी.सी. यांच्या गिब्ज ऊर्जेतला फरक किती असेल? मोलमागे शंभर जुलांच्याही आत! लोखंड वितळायला मोलमागे सुमारे १३,८०० जूल लागतात, त्यापुढे हे काहीच नाही. ५६ ग्रॅम लोखंड खोलीच्या तापमानापासून चार अंश वर न्यायला जेवढी ऊर्जा लागते तेवढीसुद्धा नाही.

म्हणजे कोणी गामाच्या खात्यात शंभर जूल जादा लिहिले, तर शुद्ध लोखंडाच्या नकाशावरून गामा पुसला जाईल. संगणक कुठलीही तक्रार न करता गामा नसलेलं लोखंड काढून देईल, तेही रंगीत! तसं होत नाही, कारण पिढ्यान् पिढ्या लोकांनी लोखंडाचा विशिष्ट उष्मा जपून मोजला, ७७० अंशांजवळ तो उंच का उडतो ते चुंबकत्वावरून समजून घेतलं, आणि १९७८ मध्ये हिलर्ट आणि यार्ल यांनी त्या चुंबकीय वाट्यासाठी वापरायला सोपं सूत्र दिलं. त्या जपून घेतलेल्या रीडिंगांमध्ये 'असाच येतो' म्हणून लिहिलेले आकडे असते तर हे शंभर जूल कोणाला सापडले असते?

मी सॉफ्टवेअरच्या विरोधात नाही

उलट, या पद्धतीनं काय साधतं याचं उत्तम उदाहरण तुमच्या खिशातच आहे. युरोपीय संघानं १ जुलै २००६ पासून बहुतेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंमध्ये शिशाला बंदी केली. त्याआधी बरीच वर्षं बिनशिशाच्या सोल्डरचा शोध चालू होता. कथील, चांदी आणि तांबं हे त्रिकूट आघाडीवर होतं. पण तीन घटकांची प्रत्येक टक्केवारी वितळवून बघायची तर किती मुशी लागतील! त्याऐवजी कथील-चांदी, कथील-तांबं आणि चांदी-तांबं या तीन जोड्यांचे आकडे पक्के करायचे आणि त्यावरून त्रिकुटाचं गणित करायचं. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजीच्या गटानं २००० साली गणित आणि मोजमाप दोन्ही हातात हात घालून दाखवलं की या त्रिकुटाचं युटेक्टिक २१७.२ अंशांना, सुमारे ३.५ टक्के चांदी आणि ०.९ टक्का तांबं असताना येतं. आज मोबाइलच्या बोर्डावर जे सोल्डर असतं ते बहुधा याच घराण्यातलं असतं.

यात लक्षात ठेवण्यासारखं म्हणजे गणितानं मोजमापाची सुट्टी केली नाही. कुठे मोजायचं ते सांगितलं. शंभर मुशींची जागा मोजक्या मुशींनी घेतली, पण त्या मुशी जास्त काळजीनं वितळवाव्या लागल्या.

सरांची बाजू आणि आपली बाजू

आता यावर मिळणारी उत्तरं मला पाठ आहेत. आपल्याकडून: 'दोन तासांच्या प्रॅक्टिकलमध्ये एका मुशीभोवती वीस जण उभे. रीडिंग घेणार दोघं, बाकीचे मॅचचा स्कोअर विचारणार. आणि १७९ लिहिलं तर एक्स्टर्नल विचारणार, ४ अंश कुठे गेले?' हे खरं आहे. टर्मवर्कचे मार्क 'बरोबर' उत्तराला मिळत असतील तर मुलं बरोबर उत्तर लिहिणारच. त्यात मुलांचा दोष अर्धाच.

सरांकडून: 'उपकरणं जुनी, बॅच मोठी, सिलॅबस भरगच्च. त्यात गिब्ज ऊर्जेचं गणित कधी करून घ्यायचं?' हेही खोटं नाही. मला एवढंच म्हणायचं आहे की यातल्या बऱ्याच गोष्टींना पैसा लागत नाही, सवय बदलावी लागते. म्हणून तीन सूचना करतो. पटल्या तर घ्या.

पहिली सूचना. कूलिंग कर्व्हच्या प्रयोगात १८३ या उत्तराला मार्क देऊ नयेत, फरकाच्या कारणाला द्यावेत. आधी शुद्ध कथील वितळवायचं. ते २३२ ऐवजी २२८ ला थांबलेलं दिसलं, तर थर्मोकपल तिथे ४ अंश कमी दाखवतो हे कळलं. मग मिश्रधातूचं १७९ हे रीडिंग लाज वाटण्यासारखं राहत नाही. खरा आलेख पट्टीनं आखल्यासारखा नसतोच. तापमान आधी थोडं खाली घसरतं, घट्ट व्हायला सुरुवात झाली की उसळून वर येतं आणि मग स्थिरावतं. ही घसरण म्हणजे अतिशीतन. ज्या जर्नलमध्ये ती दिसते, ते जर्नल लॅबमध्ये जाऊन आलेलं आहे असं खुशाल समजावं. (शिसं आहे, तेव्हा खिडक्या उघड्या ठेवा आणि वड्याला हात लावण्याआधी साबणानं धुवा, हेही सांगून ठेवतो.)

दुसरी सूचना. सॉफ्टवेअरला हात लावण्याआधी ८० अंशांचं ते गणित प्रत्येकानं एकदा कागदावर करावं. चुकीचं उत्तर बरोबर पद्धतीनं काढण्याचा अनुभव इंजिनिअरला एकदा तरी यायलाच हवा. त्यानंतर खुशाल संगणकावर बसा. महागड्या लायसन्सचं कारणही आता उरलेलं नाही. 'पायकॅलफॅड' आणि 'ओपनकॅलफॅड' फुकट मिळतात. आणि प्रोजेक्टच्या ओरलला परीक्षकांनी एकच प्रश्न ठरवून विचारावा: 'या आलेखातला कुठला भाग मोजलेल्या आकड्यांवर उभा आहे आणि कुठला ताणलेल्या सूत्रावर?' ज्याला उत्तर येईल त्यानं सॉफ्टवेअर वापरलं. ज्याला येणार नाही त्यानं फक्त प्रिंट काढली.

तिसरी सूचना माझ्या सगळ्यात आवडीची आहे. डिपार्टमेंटमध्ये एक जाड रजिस्टर ठेवावं. दर वर्षी प्रत्येक गटानं आपलं खरं रीडिंग त्यात लिहावं: तारीख, मिश्रण, थर्मोकपल कुठला, शुद्ध कथील किती अंशांना थांबलं, मिश्रधातू किती अंशांना थांबला, काय बिघडलं. गटाचे नंबर लिहा, नावं नकोत आणि त्याला मार्कही नकोत. दहा वर्षांनी त्या रजिस्टरमध्ये शे-दीडशे रीडिंग असतील. काही १७६, काही १८५, एखादं चक्क १९०. मग तेव्हाच्या अंतिम वर्षाच्या कोणा मुलानं बसून ठरवावं की यातली कुठली रीडिंग घ्यायची, कुठली सोडायची आणि का. डेटाबेसवाले जी असेसमेंट करतात ती हीच, फक्त लहान प्रमाणावर. आज आपल्याकडे चाळीस जर्नलं आहेत आणि माहिती एकाच रीडिंगची. तेही मूळ कोणी घेतलं, की पुस्तकातूनच उचललं, कोणाला ठाऊक नाही.

मेटलर्जीबाहेरच्या मित्रांनी हे 'तुमच्या ब्रँचचं' म्हणून सोडून देऊ नये. काँक्रीटचा क्यूब, मोटरचा लोड टेस्ट, डायोडची कॅरॅक्टरिस्टिक, जर्नलं सगळीकडे सारखीच फिरतात. आणि प्रत्येक ब्रँचमध्ये आता एकेक सॉफ्टवेअर आहे, जे आपल्या आधीच्या कोणाच्या तरी खऱ्या रीडिंगांवर चालतं. ते आकडे देणाऱ्या लोकांत आपणही असावं, की नुसतं वापरणाऱ्यांत, एवढाच प्रश्न आहे.

पुढच्या टर्मला त्या रजिस्टरचं पहिलं पान कोण भरतंय ते बघू. पहिलं रीडिंग १८३ नसलं तर मला जास्त आनंद होईल.

(अंतिम वर्ष, मेटलर्जी)